इंजिनात राहिलेला तुकडा

महादू मिस्त्रीने बोल्टांना नाती लावली होती. पाना लावताच सुटणारा बोल्ट म्हणजे पाहुणा. कुरकुरत, किंचाळत सुटणारा म्हणजे माहेरपणाला आलेली लेक. ती निघते, पण रडून निघते. आणि जो जागचा हलत नाही, जोर लावला तर उलट स्वतःचं डोकं गोल करून घेतो आणि पान्याला धरू देत नाही, तो घरजावई.

"घरजावयाला ढकलून नाय काढायचं," तो म्हणायचा. "ढकलला तर जाताना उंबरा घेऊन जातो."

जव्हारहून मोखाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं घर आहे आणि त्याला लागूनच महादूचं गॅरेज होतं. मध्ये एकच भिंत, तीही साडेचार इंची. त्यामुळे पलीकडे काय चाललंय ते ऐकण्यासाठी मला कधी कान द्यावा लागला नाही, न ऐकण्यासाठी मात्र बरेच कष्ट पडले. महादू आता नाही. गॅरेजच्या जागी मोबाइलचं दुकान आहे. त्याचं सगळं आयुष्य मला माहीत नाही, म्हणून ते सांगत नाही. जे पाहिलं आणि भिंतीतून जे ऐकू आलं, तेवढंच लिहितो.

दिसायला तो बुटका, खांद्यात रुंद. शर्टाची वरची दोन बटणं कायम उघडी आणि कानावर विडीऐवजी मेणबत्तीचा तुकडा. मेणबत्ती कामाची होती. गंजून बसलेला बोल्ट तो आधी ब्लोलॅम्पने तापवायचा आणि मग त्याच्या मुळाशी मेण टेकवायचा. मेण वितळून आट्यांत उतरायचं. कधी मेणाऐवजी रॉकेलमध्ये कालवलेलं इंजिन ऑइल. मग हातोडीने डोक्यावर हलके ठोके मारायचे, आणि थांबायचं. हे थांबणंच गिऱ्हाइकांना जड जाई.

एकदा खोडाळ्याच्या एका जीपवाल्याच्या पाणीपंपाचा बोल्ट अडला. जीपमध्ये माणसं खचाखच भरलेली. महादूने बोल्टाला तेल पाजलं आणि चहा मागवला.

"मिस्त्री, पाशिंजर बसलेत!" ड्रायव्हर ओरडला.

"बसलेत ना? उभे तर नाय? मग बसू दे."

चहा संपल्यावर त्याने पाना लावला आणि बोल्ट सोडायच्या ऐवजी किंचित आवळला. ड्रायव्हरने कपाळावर हात मारला. "अहो, सोडायचाय ना? आवळताय काय?"

"बायकोला माहेरून आणायला जातोस तेव्हा दारातच भांडतोस काय?" महादू म्हणाला. "आधी सासऱ्याच्या बाजूनं दोन शब्द बोलतोस ना? मग?"

गंज एकदा आवळण्याच्या दिशेने तडकला की सुटतो, हे त्याचं गणित. आवळ, सोड, पुन्हा आवळ, असं करत बोल्ट बाहेर आला. जीपमधल्या एका म्हातारीने टाळ्या वाजवल्या आणि महादूने चक्क वाकून नमस्कार केला.

नम्र तो नव्हता, हे स्पष्ट सांगायला हवं. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच लिहायचं म्हणून मी ते झाकणार नाही. तो बढाईखोर होता. एका आठवड्यात काढलेला एक बोल्ट पुढच्या आठवड्यात तीन व्हायचा. नाशिकचे मिस्त्री त्याच्या लेखी हमाल होते. माझी नोकरी हिशेबाची, त्यामुळे आकडा फुगला की मला राहवत नसे. "महादू, परवा एक म्हणाला होतास," मी म्हणायचो.

"भाऊसाहेब, तुमी मोजा. मी काढतो," एवढं बोलून तो मोकळा व्हायचा.

ही बढाई ज्या दिवशी बंद झाली, त्या दिवशी मी तिथे होतो.

खोडाळ्याच्या पुढे, डांबरी रस्ता सोडून आत गेल्यावर एका पाड्यावर सोनीबायची गिरण आहे. भात भरडायचा हलर आणि नागली दळायची चक्की, दोन्ही एकाच डिझेल इंजिनवर, पट्टा बदलून चालतात. इंजिन आठ हॉर्सपॉवरचं, जुनं, बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं. ते बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडली. वीज पाड्यावर आली आहे, पण हलर ओढेल अशी नाही. नवरा वारल्यावर गिरण सोनीबायनेच चालवली. काटक बाई, आवाज पट्ट्याच्या आवाजावर चढणारा. आसपासच्या पाड्यांची, आणि तिकडच्या आमच्या शेतातलीही, भाताची पोती तिच्याकडेच जातात.

त्या दिवशी इंजिनाच्या हेडला, म्हणजे वरच्या जड झाकणाला, सायलेन्सर धरून ठेवणाऱ्या तीन बोल्टांपैकी एक तुटला होता. तुटला तोही आत, पृष्ठभागाच्या बरोबरीने. त्यामुळे पान्याला धरायला काही उरलं नव्हतं. दाराशी पोत्यांची रांग होती आणि त्यात चार पोती माझी होती. पाड्यावर दोन लग्नं होती आणि तांदूळ दुसऱ्या दिवशी हवा होता. महादूला निरोप गेला. तो आला, आणि येताना नाशिकहून नुकतीच आणलेली नवी वस्तू घेऊन आला. तिला इझीआउट म्हणतात. पोलादाची निमुळती सळी, तिच्यावर उलटे आटे. तुटलेल्या बोल्टात भोक पाडायचं, ही सळी आत ठोकायची आणि उलटी फिरवायची. ती रुतत जाते आणि बोल्टाला सोबत घेऊन बाहेर येते. म्हणजे यायला हवी.

एरवी त्याने तापवलं असतं, मेण पाजलं असतं, "उद्या येतो" म्हणून निघून गेला असता. त्या दिवशी लोक जमले होते आणि हातात नवं हत्यार होतं.

"मिस्त्री, उजेड हाय तवर होईल ना?" रांगेतून कोणीतरी विचारलं.

"आज घरजावयाला नोटीसच देतो," महादू म्हणाला. लोक हसले. मीही हसलो.

त्याने भोक पाडलं, खोल पाडलं. सळी ठोकली. पाना लावून फिरवली. मेण नाही, तेल नाही, आवळणं नाही. टिच असा बारीक आवाज झाला. बांगडी फुटते तसा. सळी आतच तुटली होती.

ज्यांना यातलं कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो. बोल्ट मऊ लोखंडाचा असतो, त्याला पुन्हा भोक पाडता येतं. ही सळी कडक पोलादाची. तिच्यावर ड्रिल चालत नाही. महादूने चालवून पाहिलं, टोक नुसतं घसरत राहिलं. मग तुकडा फुटावा म्हणून त्याने पंच नावाचं बोथट हत्यार लावून वरून ठोकलं. तो फुटला नाही, आणखी आत जाऊन बसला. आता बोल्टही आत आणि सळीही आत.

महादू उठला नाही. शेवटी सोनीबायच बोलली, "दोन बोल्टांवर चालंल का?"

"चालंल. पण त्या कोपऱ्यातून धूर येईल."

"येऊ दे. चुलीचा येतोच ना?"

त्याने लोखंडी पट्टी वाकवून सायलेन्सर जमेल तसा आवळून दिला. इंजिन सुरू झालं. दिवस मावळायच्या आत सगळ्यांचं भात भरडून झालं आणि जो तो आपापलं पोतं घेऊन घरी गेला. तक्रार कोणी केली नाही. कोणाचं काही अडलंच नव्हतं.

त्यानंतर महादूला एक विचित्र सवय लागली. नवं गिऱ्हाईक आलं की कामाला हात लावायच्या आधी तो सांगायचा, "सोनीबायच्या इंजनात माझ्या हातून इझी तुटून राहिलाय. घाई केली म्हणून तुटला. आता बोला, काम द्यायचं का?" निम्मी माणसं हसून काम देत. निम्मी खरंच गाडी वळवून दुसरीकडे जात. भिंतीतून त्याच्या बायकोचा, पार्वतीचा, आवाज यायचा.

"पाटीच लावा ना दारावर! इथं इंजनं बिघडवून मिळतील!"

"सांगायला नको काय?"

"बाकीचे सांगतात? त्या नाक्यावरच्यानं किती तोडले, तो सांगतो?"

"त्याचा धूर कोणाच्या छातीत नाय जात."

कारण सोनीबायला खोकला लागला होता. खोकला केव्हा लागला, हे मला नक्की सांगता येत नाही, आणि नक्की नसताना मी सांगणार नाही. ती स्वतः म्हणायची की तो आधीपासूनच होता. दवाखान्यातल्या डॉक्टरने विचारलं, चूल आहे का? आहे. गिरणीत कोंडा उडतो का? उडतो. इंजिनाचा धूर? तोही आहे. "मग सगळ्यानंच होतं," डॉक्टर म्हणाला. महादूने त्या सगळ्यातला आपला वाटा तेवढा उचलला आणि पूर्ण उचलला.

खोडाळ्याच्या बाजारच्या दिवशी तो न चुकता गिरणीवर जाऊ लागला. जायचा, चालू इंजिनाजवळ उभा राहायचा, तळहात पाण्यात भिजवून सायलेन्सरच्या त्या कोपऱ्याशी धरायचा. हात बाहेर काढला की मधोमध काळा पट्टा उमटलेला असायचा. तो पट्टा बघायचा, पट्टी थोडी आवळायचा आणि पुन्हा हात धरायचा.

"देव मांडलायस का तिथं?" सोनीबाय हलरवरून ओरडायची. "गिराईक येतं भात घेऊन, तू येतोस थोबाड घेऊन. ते पण असं, मयतीला आल्यासारखं!"

"बाय, तू बाहेर बस ना. मी बघतो."

"तू बघशील आन् तांदळाची कणी करशील. हो बाजूला."

एकदा त्याने तिला न विचारता तिच्या बसायच्या जागेमागची भिंत फोडून खिडकी पाडली, धूर बाहेर जावा म्हणून. पावसाळ्यात त्या खिडकीतून पाणी आत आलं आणि कोंड्याचं पोतं भिजलं. सोनीबायने तिथे प्लास्टिक ठोकलं. महादूने ते काढलं. तिने परत ठोकलं. हे भांडण अख्खा पावसाळा चाललं. मी पोती घेऊन जायचो तेव्हा प्लास्टिक आहे की नाही यावरून कळायचं, आज कोणाची सरशी आहे.

तो तुकडा काढायच्या त्याच्या इच्छेची तिला भीती वाटू लागली होती. तो दर खेपेला म्हणायचा, "बाय, हेड खोलू दे. नाशिकला नेतो. तिथं मशीन हाय, करंटनं पोलाद जाळून काढतात." ती म्हणायची, "चालतंय त्याला हात लावू नको." हेड खोललं आणि बसलंच नाही तर? जुन्या इंजिनाला दुसरं हेड नाही. नाशिक आणि भिवंडीच्या भंगारात महादूने शोधलं होतं. एक मिळालंही, पण त्याची भोकं जुळेनात. गिरण बंद म्हणजे तिचं घर बंद, आणि पाड्यांवरच्या बायांना डोक्यावर पोतं घेऊन खोडाळ्यापर्यंत पायपीट. या हिशेबात दोन्ही बाजू खऱ्या होत्या. त्याला तिचा श्वास वाचवायचा होता, तिला गिरण वाचवायची होती. मला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी गिरणीच्या बाजूने बोललो असतो, हे मला ठाऊक आहे, आणि तांदूळ आम्हाला लागतो म्हणून बोललो असतो, हेही ठाऊक आहे.

मग एका हिवाळ्यात, भरडणीच्या ऐन दिवसांत, हेडखालचं पॅकिंग उडालं. आता हेड खोलल्याशिवाय गत्यंतरच नव्हतं. महादू माझ्याच स्कूटरवर मागे बसून निघाला. हत्यारांची पिशवी मांडीवर. सूर्यमाळचा फाटा गेल्यावर फक्त एवढंच म्हणाला, "आज निघंल तो."

त्या दिवशी त्याने काही घाई केली नाही. नटांना मेण पाजलं, तेल पाजलं, आवळून सोडलं. एकही नट किंचाळला नाही. हेड उतरवून त्याने पोत्यावर ठेवलं. सोनीबाय दाराशी बसली होती, पदर तोंडाला लावून. इंजिन बंद असूनही खोकत होती. महादूने हेडच्या बाजूचं पाण्याचं झाकण काढलं. बिडाच्या हेडमध्ये पोकळी असते, तिच्यातून पाणी फिरतं, म्हणून इंजिन तापत नाही. मी बॅटरी धरली. त्याने आत तारेने गाळ खरवडला आणि डोळा लावला.

मग त्याने माझा बॅटरीचा हात आणखी आत ओढला.

"काय झालं?" मी विचारलं.

त्याने माझं डोकं धरून खाली वाकवलं. आतल्या भिंतीतून, जिथे काही असायला नको होतं तिथे, बोराच्या काट्याएवढं पोलादी टोक बाहेर आलेलं होतं. भोवती गंजाचं घट्ट कडं. त्या दिवशी त्याने भोक खोल पाडलं होतं, आणि वरून ठोकताना सळीचं टोक पातळ उरलेली भिंत फोडून पाण्याच्या पोकळीत शिरलं होतं. इतके पावसाळे त्या भोकातून पाणी गळलं नाही, कारण तो तुकडाच तिथे बुचासारखा बसला होता.

"काढला तर?" मी म्हणालो.

"पाणी सायलेन्सरात. आणि बीड हाय, वेल्डिंग केली की चिरतं. गेलं हेड." त्याचा आवाज सपाट होता. "नाशिकला नेला असता, तर त्यांनी काढून दिला असता. काढून दिला असता आणि हेड फेकायला लागलं असतं."

"काय बोलता रं दोघं?" सोनीबायने विचारलं.

महादू तिच्यासमोर जाऊन बसला आणि सगळं सांगितलं. बोल्ट, भोक, टोक, पाणी. काही लपवलं नाही आणि स्वतःला काही सूटही दिली नाही. ती ऐकत होती. मध्ये एकदा तिच्या खोकल्याने त्याला थांबवलं.

"मंग ऱ्हाऊ दे तो तिथं," ती म्हणाली.

"बाय, धूर येत ऱ्हाईल. तुझी छाती—"

"छाती माझी, इंजन माझं. तुझं काय हाय यात?"

"तुकडा माझा हाय."

ती हसली. हसता हसता पुन्हा खोकली.

"सोने," महादू म्हणाला. त्याने तिला नुसत्या नावाने हाक मारलेली मी पहिल्यांदाच ऐकली. "इतकी वर्सं झाली. एकदा तरी मना शिवी दे. चांगली दे. आईबापावरून दे."

तिने पदराने तोंड पुसलं. "शिवी द्यायला दम लागतो रं. तेवढा मना पुरत नाय आता. हलरचा पट्टा लाव."

ती ते थट्टेनेच म्हणाली, याबद्दल मला शंका नाही. महादूचा चेहरा मात्र मी पाहिला नाही. तो उठून हेडकडे वळला होता.

त्याने पाण्याचं झाकण बसवलं. नवं पॅकिंग घातलं, हेड चढवलं, नट समोरासमोरचे, थोडे थोडे करत आवळले. तुकडा अडकलेल्या त्या भोकाला हात लावला नाही. सायलेन्सरसाठी जीपच्या स्प्रिंगच्या पाट्याच्या तुकड्याची नवी पट्टी केली, आधीच्यापेक्षा जाड. इंजिन सुरू झालं. भिजलेला तळहात त्याने कोपऱ्याशी धरला. पट्टा उमटला, आधीपेक्षा फिकट, पण उमटला.

मग त्याने टॉवेल तोंडाला बांधला आणि सोनीबायचं पाटाएवढं स्टूल ओढून हलरपाशी स्वतः बसला. ती ओरडली, त्याने ऐकलं नाही. दंडाला धरून ओढू लागली, तो हलला नाही.

"घरजावई!" ती माझ्याकडे बघून म्हणाली आणि बाहेर चिंचेखाली जाऊन बसली.

त्या हंगामापासून भरडणीच्या दिवसांत महादू जव्हारचं गॅरेज बंद ठेवून गिरणीवर जाऊ लागला. पार्वती भिंतीपलीकडे भांडायची, नंतर भांडेनाशी झाली. सोनीबाय बाहेर बसून पोती घ्यायची, माणसांना बोलायची, आणि आतल्या महादूला शिव्या द्यायची की हलरचं पातं जास्त आवळलंस, कणी पडते. शिव्यांना दम पुरत होता, हे मी नोंदवून ठेवतो. तिचा खोकला गेला नाही. कमी झाला का, हे मी सांगू शकत नाही.

मी त्याला शेवटचं पाहिलं तेही तिथेच. माझी पोती होती. आत धूर आणि कोंडा इतका होता की त्याचा टॉवेल आणि डोळे तेवढे दिसत होते. त्याने मला ओळखलं. हाताने थांबायची खूण केली आणि इंजिनाच्या आवाजावर चढून ओरडला,

"भाऊसाहेब, बाहेरनं धूर दिसतो का अजून?"

सोनीबाय चिंचेखालून माझ्याकडे बघत होती. नाही म्हण, अशी तिची मान हलली.

"दिसतो," मी म्हणालो.

महादूने मान डोलावली आणि सुपातलं भात पुढे लोटलं.